१९६९ चे मेट्स आणि टॉम सीव्हर : तो खरोखर चमत्कार होता का?

एडिसनकर

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात, वय पासष्टीच्या पुढचे, बालपण सगळे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात गेलेले. माणूस मितभाषी आहे. पण बेसबॉलचा विषय निघाला, की गाडी कुठूनही सुटलेली असो, ती १९६९ या स्थानकावर येऊन थांबतेच. माझा दहा वर्षांचा मुलगा यंदा लिटल लीगमध्ये खेळू लागला, तेव्हा त्यांनी त्याला एक जुनी, उन्हाने विटलेली निळी टोपी आणून दिली. तिच्या आतल्या बाजूला लहान मुलाच्या अक्षरात शाईने ४१ हा आकडा लिहिलेला आहे. तो आकडा टॉम सीव्हरचा, एवढे मला त्यांच्याकडूनच कळले. त्यापुढे ते काही सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण त्यांचा आवाज जड झाला होता.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस आहे. न्यूयॉर्क मेट्स हा संघ त्या वर्षी अनपेक्षितपणे विजेता ठरला आणि त्याला आजही ‘मिरॅकल मेट्स’ म्हणतात, इतपत माहिती मी मिळवली आहे. माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा, की तो खरोखर चमत्कार होता, की नंतरच्या लोकांनी आठवणींना शेंदूर फासून त्याचा चमत्कार केला? आपल्या १९८३ च्या विश्वचषकाशी त्याची तुलना करता येईल का? दुसरा प्रश्न थोडा खासगी आहे. पंचावन्न वर्षे उलटल्यावरही एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, नावाने एखाद्या वयस्क माणसाचा कंठ का दाटावा? त्यांच्याशी या विषयावर नीट बोलता यावे, अशी माझी इच्छा आहे. पण काय विचारावे, हेच मला कळत नाही.

शेवटचे स्थानक

एडिसनकर, आपल्या शेजाऱ्यांचा आणि माझा परिचय असण्याचे कारण नाही, पण आम्ही एकाच वर्गात बसलेले असू शकतो. माझा जन्म गिरगावातला. वडील १९६७ साली नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला गेले आणि पुढच्याच वर्षी, मी आठ वर्षांचा असताना, आई मला घेऊन तिकडे पोहोचली. आम्ही क्वीन्समधील एल्महर्स्ट भागात राहत होतो. सात क्रमांकाची रेल्वे फ्लशिंगच्या दिशेने धरली, की शेवटच्या स्थानकाच्या आदल्या थांब्यावर शे स्टेडियम उभे दिसे. नोकरीची वर्षे संपवून मी आता पुण्यात स्थायिक झालो आहे, परंतु या विषयापुरता मी अजून एल्महर्स्टमध्येच राहतो, असे घरचे म्हणतात.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगतो. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि यँकीज या उरलेल्या संघाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या अर्ध्या शहराला स्वतःचे म्हणावे असे काही उरले नाही. ती पोकळी भरून काढण्यासाठी १९६२ साली मेट्सची स्थापना झाली. पहिल्याच हंगामात त्यांनी ४० सामने जिंकले आणि १२० हरले. त्यांचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केसी स्टेंगल पत्रकारांना हसवत राहिले आणि लोकही त्या संघावर, घरातल्या वांड पण लाडक्या पोरावर करावे तसे प्रेम करीत राहिले. १९६८ पर्यंतच्या सात हंगामांत मेट्स दहा संघांमध्ये पाच वेळा दहावे आणि दोन वेळा नववे आले. मी आलो त्या वर्षी ते नववे होते. वर्गातल्या मुलांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावून सांगितले होते, की मेट्सचे समर्थन करायचे असेल तर हरण्याची सवय लावून घे.

वडिलांना हा खेळ कधीच पटला नाही. चेंडूचा टप्पाच पडत नसेल तर त्यात गोलंदाजाचे कौशल्य ते काय, असा त्यांचा रोकडा सवाल असे. त्याचे उत्तर मला टॉम सीव्हरने दिले. मुळात हा खेळाडू मेट्सकडे आला तोच दैवयोगाने. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याच्याशी केलेला करार, तो ज्या महाविद्यालयाकडून खेळत होता त्याचा हंगाम आधीच सुरू झालेला असल्यामुळे रद्द ठरवण्यात आला आणि तेवढीच रक्कम द्यायला तयार असलेल्या तीन संघांच्या चिठ्ठ्या १९६६ साली एका हॅटमध्ये टाकून एक उचलली गेली. ती मेट्सची निघाली. १९६७ साली तो नव्या खेळाडूंमध्ये सर्वोत्तम ठरला आणि १९६९ साली पिचर म्हणून त्याच्या नावावर २५ विजय आणि अवघे ७ पराभव जमा झाले.

त्याची चेंडू टाकण्याची पद्धत अशी होती, की मागचा पाय जमिनीत रोवून तो शरीराचा सगळा भार खाली आणि पुढे झोकून देई. त्या ओघात त्याचा उजवा गुडघा मैदानाच्या मातीला घासला जाई आणि दोन-तीन इनिंग झाल्या, की पांढऱ्या पँटवर नेमका त्या जागी तपकिरी डाग उमटे. आमच्याकडचा दूरचित्रवाणी संच कृष्णधवल होता, तरी तो डाग दिसायचा. मी आणि माझ्या इमारतीतली मुले खेळायला जाण्यापूर्वीच उजव्या गुडघ्यावर माती चोळून घेत असू. अजून एकही चेंडू न टाकता पँट कशी मळली, या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे.

त्या वर्षीच्या ९ जुलैची रात्र मात्र मी विसरू शकत नाही. समोर शिकागो कब्ज, म्हणजे गुणतक्त्यात आमच्या पुढे असलेला संघ. परफेक्ट गेम म्हणजे नऊ इनिंगमधले सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज, एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू न देता, ओळीने बाद करणे. सीव्हरने पंचवीस जण बाद केले होते. मी पांघरुणात ट्रान्झिस्टर कानाशी धरून पडलो होतो, कारण माझी झोपण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. मग जिमी क्वॉल्स नावाचा एक नवखा, फारसा कुणाला माहीत नसलेला फलंदाज आला आणि त्याने डाव्या व मधल्या क्षेत्ररक्षकांच्या बरोबर मध्ये चेंडू टोलावला. सामना आम्ही ४-० असा जिंकला, कब्जला पूर्ण सामन्यात तेवढा एकच फटका मिळाला आणि तरीही मी उशीत तोंड खुपसून रडलो. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येक मुलाचे डोळे सुजलेले होते, पण झोप झाली नाही, असेच प्रत्येकाने सांगितले.

चमत्कार होता का, या प्रश्नाचे उत्तर अन्य कोणी आकड्यांनिशी देईल, म्हणून मी इथेच थांबतो. फक्त १६ ऑक्टोबरची, वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्याची दुपार सांगतो. त्या काळी वर्ल्ड सीरिजचे सामने दिवसा होत. शाळा सुटली आणि मी घराकडे धावत सुटलो, पण घरापर्यंत पोहोचलोच नाही, कारण कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात रेडिओ मोठ्याने चालू होता आणि दाराशी रस्त्यापर्यंत माणसे उभी होती. आत खुर्चीवर एक गृहस्थ अर्ध्या चेहऱ्याला फेस लावलेल्या अवस्थेत बसले होते आणि न्हावी वस्तरा हातात धरून रेडिओकडे पाहत होता. बाल्टिमोर ओरिओल्सच्या डेव्ही जॉन्सनने उंच मारलेला चेंडू आमच्या क्लिऑन जोन्सने झेलला, मेट्स विजेते ठरले आणि त्या फेसवाल्या गृहस्थांनी उठून न्हाव्याला मिठी मारली. सीव्हर त्या सामन्यात खेळलाही नव्हता, तो आमचा दुसरा पिचर जेरी कूझमन याचा सामना होता. तरी मी मात्र उजव्या गुडघ्याला माती फासलेलीच होती.

आकडेमोड

वरील आठवण वाचून आनंद झाला, पण ‘चमत्कार’ या शब्दाला माझा आक्षेप आहे आणि १९८३ च्या तुलनेला तर अधिकच. १९८३ साली आपण आठ सामने खेळलो. आठ सामन्यांत नशिबाचा आणि एखाद्या विलक्षण दिवसाचा वाटा मोठा असू शकतो. मेट्स त्या वर्षी नियमित हंगामात १६२, लीगच्या विजेतेपदासाठी ब्रेव्ह्जविरुद्ध ३ आणि वर्ल्ड सीरिजमध्ये ओरिओल्सविरुद्ध ५, असे एकूण १७० सामने खेळले. एवढ्या लांबच्या पल्ल्यात नवस फळत नाहीत. तुलनाच करायची तर अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ साली आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये जिंकलेल्या मालिकांशी करावी. तिथेही लोकांना वाटले होते त्यापेक्षा तो संघ आधीपासूनच चांगला होता आणि ते फक्त मागाहून कळले.

आता मेट्सकडे पाहू. त्यांची फलंदाजी सामान्य होती. संघाची सरासरी ०.२४२, म्हणजे दर हजार संधींत २४२ यशस्वी फटके, आणि हंगामातल्या धावा ६३२. जोन्सची ०.३४० ही सरासरी आणि टॉमी एजीचे २६ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) बाजूला काढले, तर फार काही उरत नाही. परंतु त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना फक्त ५४१ धावा करू दिल्या, आणि सारा हंगाम या एका आकड्यात आहे. गंमत म्हणजे फलंदाजांना दिलासा मिळावा म्हणून त्याच वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली होती. सगळीकडे धावा वाढल्या आणि जिंकला तो संघ, ज्याच्याकडे सीव्हर, कूझमन, गॅरी जेंट्री आणि अजून वेगावर ताबा न आलेला कोवळा नोलन रायन होता. १२ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये एकाच दिवशी झालेले दोन्ही सामने त्यांनी १-० असे जिंकले आणि दोन्ही सामन्यांतली ती एकमेव धाव पिचरच्याच फटक्यावर आली, पहिल्यात कूझमनच्या, दुसऱ्यात डॉन कार्डवेलच्या. यापेक्षा या संघाचे नेमके वर्णन मला करता येणार नाही.

दुसरे कारण म्हणजे मॅनेजर गिल हॉजेस. ब्रुकलिन डॉजर्सचा हा जुना पहिल्या बेसचा खेळाडू सप्टेंबर १९६८ मध्ये आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यातून उठून कामावर परतला होता. समोरचा पिचर डावखुरा असेल तर एक जोडी, उजव्या हाताचा असेल तर दुसरी, असे चार-चार जागांवर त्याने दोन-दोन खेळाडू ठेवले. ओरिओल्सचे माइक क्वेयार आणि डेव्ह मॅकनॅली हे डावखुरे असल्यामुळे वर्ल्ड सीरिजमध्ये बहुतांश काळ उजव्या हाताचे फलंदाज उतरले. त्यांपैकी जूनमध्ये मॉन्ट्रियलकडून आणलेल्या डॉन क्लेंडेननने तीन होम रन मारून मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू होण्याचा मान मिळवला, आणि हंगामभर ०.२१५ च्या सरासरीने खेळलेल्या अॅल वाइसने शेवटच्या सामन्यात बरोबरी साधून देणारा होम रन मारला. १०९ सामने जिंकून आलेल्या ओरिओल्सची त्या मालिकेतली फलंदाजीची सरासरी ०.१४६ होती आणि पाच सामन्यांत मिळून धावा नऊ.

नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांपैकी मेट्सने ४१ जिंकले आणि २३ हरले. धावांच्या हिशेबाने हा संघ ९२ च्या आसपास सामने जिंकायला हवा होता, त्याने १०० जिंकले. चमत्कार म्हणायचाच असेल, तर या वरच्या आठांना म्हणावे.

शिकागोची थंडी

माझे सासर शिकागोचे, तेही चार पिढ्या कब्जचे. त्यामुळे या कथेची दुसरी बाजू मला जेवणाच्या टेबलावर ऐकावी लागते. कब्ज सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत आघाडीवर होते, १३ ऑगस्टला मेट्स त्यांच्यापेक्षा दहा सामन्यांनी मागे होते. पण रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानावर त्या काळी दिवेच नव्हते, ते १९८८ साली लागले. घरचा प्रत्येक सामना भर उन्हात खेळायचा आणि मॅनेजर लिओ ड्यूरोशर तेच ते खेळाडू रोज उतरवणार. त्यांचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षक, रँडी हंडली त्या हंगामात १५१ सामने खेळला, आणि ज्यांनी एक दिवस उन्हात यष्टिरक्षण केले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. सप्टेंबरमध्ये कब्जने ८ सामने जिंकले, १७ हरले.

आमच्याकडे मात्र दोष काळ्या मांजराला दिला जातो. ९ सप्टेंबरला शे स्टेडियमवर फलंदाजीची वाट पाहत उभ्या असलेल्या कब्जच्या रॉन सँटोजवळून एक काळे मांजर फिरले आणि कब्जच्या बाकासमोरून निघून गेले. मांजर आडवे गेले, हे सासूबाईंना मराठीत कसे सांगतात ते मी शिकवले आहे. त्यांना तो वाक्प्रचार अतिशय आवडला.

एडिसनकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ‘शेवटचे स्थानक’ यांना एक विचारावेसे वाटते. आपण सीव्हरला २५ सामने जिंकताना पाहिलेत, संघ विजेता झाला, म्हणजे सगळे सुखाचेच घडले. मग शेजाऱ्यांचा आवाज जड का व्हावा?

शेवटचे स्थानक

कारण गोष्ट तिथे संपत नाही. हॉजेस १९७२ च्या एप्रिलमध्ये, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, दुसऱ्या झटक्याने गेले. हाच तो मॅनेजर, ज्याने जुलै १९६९ मध्ये ह्यूस्टनकडून मार खात असताना, चेंडूमागे पुरेसे न धावलेल्या क्लिऑन जोन्सला बदलण्यासाठी कोणाला न पाठवता स्वतः बाकावरून उठून, सावकाश चालत, थेट डाव्या क्षेत्राच्या टोकापर्यंत जाऊन त्याला सोबत परत आणले होते. पाचव्या सामन्यात चेंडू जोन्सच्या पायाला लागला की नाही (लागला तर फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो), हा वाद झाला तेव्हा बुटाच्या पॉलिशचा डाग लागलेला चेंडू पंचांसमोर धरणाराही तोच. कूझमनने पुढे सांगितले, की चेंडू बुटाला घासायला हॉजेसनेच त्याला लावले होते. खरे-खोटे देव जाणे. डागांच्या बाबतीत मी स्वतः निर्दोष नाही.

मग १५ जून १९७७ रोजी, मानधनावरून व्यवस्थापनाशी झालेल्या वितुष्टानंतर, मेट्सने सीव्हरला सिनसिनाटीला देऊन टाकले. मी सतरा वर्षांचा होतो. निरोप घेताना पत्रकारांनी त्याला चाहत्यांविषयी विचारले, तेव्हा त्याला बोलता येईना. शेवटी त्याने कागद मागून घेऊन आपले म्हणणे त्यावर लिहून दिले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला तो सिनसिनाटीच्या पोशाखात शे स्टेडियमवर पिचिंग करायला आला, समोर आमचा कूझमन. मी वडिलांसोबत वरच्या मजल्यावर बसलो होतो. सीव्हरने मेट्सना ५-१ असे हरवले आणि घरच्या संघाला हरवणाऱ्या त्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. ज्यांना हा खेळ कधी पटला नाही, ते माझे वडीलही उभे राहिले. मी मात्र बसून राहिलो. कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे मला ठरवता येत नव्हते.

तो ३११ विजय आणि ३६४० स्ट्राइकआउट (म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) घेऊन निवृत्त झाला, १९९२ साली ४३० पैकी ४२५ मते मिळवून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या सन्मानगृहात गेला आणि ३१ ऑगस्ट २०२० रोजी वारला. शेवटची वर्षे त्याला स्मृतिभ्रंश झाला होता, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांना आणि मला जे लख्ख आठवते, ते ज्याने केले त्याच्या हातून निसटत चालले होते. तेव्हा महामारीमुळे मैदाने रिकामी होती. बातमी कळल्यानंतरच्या सामन्याला मेट्सचे खेळाडू उजव्या गुडघ्यावर माती फासून उतरले. मी पुण्यात पहाटे भ्रमणध्वनीवर ते छायाचित्र पाहिले. बायकोने विचारले, काय झाले? मला चटकन सांगता आले नाही.

काय विचारावे, असे आपण म्हणालात. सीव्हरबद्दल काहीच विचारू नका. फक्त एवढेच विचारा, की जिमी क्वॉल्सच्या वेळी तुम्ही कुठे होता?

एडिसनकर

काल संध्याकाळी विचारले. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, हे नाव तुम्हाला कोणी सांगितले? मग त्यांनी अंगणातल्या दोन कुंड्या ओढून एक डाव्या क्षेत्ररक्षकाच्या आणि एक मधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी ठेवली, जोन्स इथे, एजी तिथे, आणि मुलाला बरोबर मध्ये उभे करून सांगितले, की चेंडू इथे पडला. आगीतून बाहेर पडण्याच्या लोखंडी जिन्यावर ते मोठ्या भावासोबत रेडिओ घेऊन बसले होते. टोपी त्या भावाची. ४१ हा आकडाही त्यानेच लिहिला होता. भाऊ पुढे व्हिएतनामहून परतला नाही, हे मला नऊ वर्षांत प्रथमच कळले.

मुलगा अजून त्या दोन कुंड्यांच्या मध्येच उभा होता. त्याने विचारले, दोघांपैकी एकाने झेप घेतली असती तर चेंडू सापडला असता का? त्यावर ते उठले, एजीची कुंडी थोडी डावीकडे सरकवली आणि अंतर पावलांनी मोजू लागले.